वळीव, परडे आणि पंचनामा

वसंतातील व्याख्यानमाला आणि वळवाचा पाऊस यांचे वैर आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. वक्ता जरा कुठे रंगात आलेला असतो, आणि नेमका त्याच वेळी धुळीचा लोट येतो, तंबूच्या कनाती फडफडू लागतात, दिवे जातात, आणि मागच्या रांगेतील मंडळी खुर्ची डोक्यावर धरून घराकडे निघतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात अशा व्याख्यानांचा पाया घातला, तेव्हापासून कितीएक विद्वानांना या पावसाने अर्ध्यावर बसविले असेल याची नोंद कोणी ठेवलेली नाही. ज्या गोष्टीची नोंद कोणी ठेवीत नाही, तिच्यासंबंधीच मला आज बोलावयाचे आहे.

मी विषय कळविला तेव्हा चालकांपैकी एका गृहस्थांनी हसून विचारले की, परसबाग आणि वादळ यांत तुमच्या युनियनचा संबंध काय? प्रश्न रास्त होता. मी कारखान्यांच्या दारात भाषणे करणारा माणूस. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते वाचनालयांत आणि संपाच्या मांडवात. तेव्हा पंडिताचा आव मी आणणार नाही. पण हजेरीपट कसा वाचावा हे मला कळते. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही त्याने दिवसभर घाम गाळला तरी पगाराच्या खिडकीशी तो परका ठरतो, हे मी तीस वर्षे पाहत आलो. वादळानंतरच्या पंचनाम्याचा कागद प्रथम हाती आला, तेव्हा मला तो ओळखीचा वाटला तो याच कारणाने.

माझे गाव मुळशी तालुक्यात, मोसे खोऱ्यात. आज या भागाला लोक 'लवासा' म्हणतात. हे नाव कंपनीने घडविलेले आहे. त्याला मराठीत अर्थ नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे दुसऱ्या कोणत्या भाषेतही नाही. आमची नावे दासवे, मुगाव, धामणओहोळ अशी. वारसगावच्या धरणाने मोसे नदी अडली, तिच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचे नाव मिळाले, आणि खोऱ्याचा तळ पाण्याखाली गेला. पुढे २००१ साली अठरा गावांचा टापू गिरिस्थान म्हणून जाहीर झाला, इटलीतल्या एका बंदराच्या धर्तीवर रंगीत इमारती उठल्या. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण खात्याने काम थांबविले, आणि २०१८ साली कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेले. हा इतिहास वर्तमानपत्रांतून पुष्कळ येऊन गेला आहे, तो मी उगाळीत नाही. मला सांगायचे आहे ते त्या रंगीत इमारतींच्या वरच्या अंगाला, पाण्याबाहेर राहिलेल्या गावांतील घरामागच्या तुकड्याविषयी. शहरात त्याला परसबाग म्हणतात. आमच्याकडे त्याला परडे म्हणतात.

परड्याला मोठी जागा लागत नाही. दीड-दोन गुंठे म्हणजे पुष्कळ. न्हाणीचे पाणी जिकडे वाहते तिकडे केळीचे दोन खुंट आणि अळू. त्यापलीकडे शेवगा, कढीपत्ता, लिंबू, एखादी पपई. कडेला फणस आणि रायवळ आंबा, बहुधा आजोबा-पणजोबांनी लावलेले. पाऊस लागला की मांडवावर दोडका, घोसाळे, काकडी, पडवळ. दिवाळीनंतर वाल आणि घेवडा. मुळशीचे नाव आंबेमोहर तांदळाने झाले हे खरे. पण भात वर्षातून एकदा येते, आणि त्याचा पैसा देण्याघेण्यात जातो. रोजच्या ताटात भाकरीच्या शेजारी जे पडते ते परड्यातून. हे परडे बाईचे राज्य असते. पुरुषाने तिथे फार तर कुंपण घालावे.

आता याच तुकड्यावर वळीव कसा येतो ते पाहू. चैत्र-वैशाखात जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढू लागते. अरबी समुद्राकडून आलेली दमट हवा तिला मिळाली, की दुपारनंतर ढगांचे मनोरे उभे राहतात. त्यांची उंची बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत जाते. इतक्या उंचीवर पाणी गोठते. थेंब खाली येतो, पुन्हा वर फेकला जातो, त्याच्यावर बर्फाचा थरावर थर चढतो, आणि वरच्या वाऱ्याला तो पेलेनासा झाला की गारा होऊन आदळतो. पावसाच्या आधी जो थंड वारा अंगावर येतो, तो ढगातूनच कोसळलेला असतो आणि जमिनीवर आपटून चोहोकडे पसरतो. सारा खेळ वीस-पंचवीस मिनिटांचा. तेवढ्यात पपई कमरेतून मोडते, शेवग्याच्या फांद्या काडकन तुटतात, गारांनी अळूच्या पानांची चाळण होते, आणि आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडतो.

विजेचा धोका वेगळाच. तिचा अंदाज मोबाईलवर देणारे 'दामिनी' नावाचे साधन आपल्या पुण्याच्याच संस्थेने तयार केले आहे, आणि हवामानखात्याचे मोठे कार्यालय तर १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरला आपण आजही त्या चौकाला 'सिमला ऑफिस' म्हणतो. आभाळ वाचणारी इतकी मोठी विद्या घराशेजारी असलेला तालुका आमचा. पण आभाळ पडून गेल्यावर खाली काय मोडले हे वाचणे त्या विद्येचे काम नव्हे.

वळवाची रात्र ही बायकांची रात्रपाळी असते. पाऊस उघडला की कंदील घेऊन आई कैऱ्या वेचायला जाई. आपटलेली कैरी दोन दिवसांत नासते. म्हणून त्याच रात्री ती चिरायची, मीठ लावायचे, दुसऱ्या दिवशी ऊन पडले की आंबोशी वाळत घालायची. मोडलेल्या केळीचा काल भाजीला, कोवळा फणस भाजीला, शेवग्याचा पाला भाजीला. आठ दिवस घरात रोज नवी भाजी असे, आणि लहानपणी मला वाटे की वादळ म्हणजे चंगळ. पुढच्या दोन महिन्यांचे आपण आठ दिवसांत खातो आहोत हे आईला कळत होते. मला ते फार उशिरा कळले.

ते कळले १९८२ साली. माझे वडील मुंबईत गिरणीत होते. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. महिना गेला, दोन गेले, खानावळवाल्यांची उधारी थकली, आणि हजारो कामगार गावोगाव परतले. कोकणात गेले, साताऱ्याकडे गेले, तसेच आमच्या मावळात-मुळशीतही आले. संपाच्या इतिहासावर पुस्तके झाली आहेत. त्यांत मालकांची अडेलतट्टू भूमिका आहे, सरकारची आहे, पुढाऱ्यांचे हेवेदावे आहेत. पण इतके महिने हे लोक जगले कशावर, या प्रश्नाचे उत्तर एक-दोन वाक्यांत उरकलेले आढळते: गावाकडे शेतीवर. शेती म्हणजे कोणती? उन्हाळ्यात आमच्या खाचरांत ढेकळे असतात. आमच्या घराने तो संप परड्यावर काढला. आंबोशी, फणसाच्या आठळ्या, वाळवलेला वाल, शेवगा. माझ्या आईने त्या संपाला जो निधी दिला त्याची पावती कोणी फाडली नाही.

त्या वर्षी वैशाखात एका संध्याकाळी वळीव झाला. गारा किती मोठ्या होत्या हे सांगत बसत नाही. प्रत्येकाच्या आठवणीत आपल्या गारा लिंबाएवढ्या असतात. पण शेवगा गेला, केळी आडव्या झाल्या, आणि फणसाची सबंध एक फांदी फळांसकट घराच्या पडवीवर आली. वडील उंबऱ्यात बसून होते. गिरणीत यंत्र बंद पडले तर काय करायचे हे त्यांना ठाऊक होते. इथे काय करावे ते त्यांना सुचेना. पुढच्या जूनमध्ये माझी शाळा सुरू झाली नाही.

ही केवळ आमच्या घरची कथा असती तर मी ती या व्यासपीठावर आणली नसती. १९२८ चा मुंबईच्या गिरण्यांचा संप एप्रिलअखेर सुरू झाला आणि ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत चालला. तेव्हाही कामगार कोकणात आपल्या गावी गेले. महिने मोजा: वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. म्हणजे परडी आणि वाड्या वादळाच्या तोंडी असतात नेमका तोच काळ. संपाचे बळ युनियनच्या तिजोरीत असते अशी आमची समजूत. त्याचा एक भाग घरामागच्या दोन गुंठ्यांत असतो, आणि तो भाग वाऱ्याच्या हवाली असतो, हे आमच्या चळवळीनेसुद्धा कधी हिशेबात धरलेले नाही. दोष मी दुसऱ्यांना देतो असे नव्हे. मी स्वतः वीस वर्षे मागण्यांच्या यादीत परडे हा शब्द लिहिला नव्हता.

आता मोजमापाच्या प्रश्नाकडे येतो. यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपल्याकडे झाड मोजण्याची रीत जुनी आहे. कोकणच्या आगरांत माडांवर आणि पोफळींवर पुष्कळ ठिकाणी झाडांच्या संख्येने सारा बसविला जाई. सारा कमी होता असे मी म्हणत नाही; रयतेला तो जाचकच वाटला असेल. पण झाड हे मोजण्याचे एकक होते एवढे खरे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी, आरमारासाठी लाकूड कसे आणावे याची जी सूचना आहे ती शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. आंबा-फणसाला हात लावू नये, कारण अशी झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती पोटच्या पोरासारखी वाढविलेली असतात, असा तिचा आशय. आपण तेवढ्यावर थांबतो आणि टाळ्या वाजवतो. माझे लक्ष पुढच्या भागाने वेधले. झाड अगदी जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने ते न्यावे, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे एकेका झाडाला धनी आहे, आणि एकेका झाडाला मोल आहे. भरपाईचे हे तत्त्व तीनशे वर्षांपूर्वी आपल्या कागदावर आलेले होते.

पुढे इंग्रजी अंमलात, पुणे जिल्ह्यातल्याच इंदापुरात, १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विन्गेट या अधिकाऱ्यांनी जमीन मोजणीची नवी पद्धत बसविली. शेताला नंबर मिळाला, क्षेत्र मिळाले, प्रत ठरली. आधीच्या अंदाधुंदीपेक्षा ही पद्धत चांगली होती, हे मान्य केले पाहिजे. पण तिने शेत मोजले. गावठाणावर आकार नव्हता, म्हणून त्याची तशी मोजणीही नव्हती. ज्याच्यावर कर नाही त्याची नोंद नाही, असा साधा व्यवहार. करातून सुटले म्हणून परडे कागदातून सुटले, आणि त्या वेळी कोणाला त्याचे वाईट वाटण्याचे कारणही नव्हते. आजचा सातबारा हा त्या मोजणीचाच वंशज. त्याच्यावर झाडांची नोंद घेता येते. परंतु सातबारा हा सर्व्हे नंबराचा असतो, गावठाणातल्या परड्याचा नसतो.

या पद्धतीची पहिली मोठी किंमत आमच्या तालुक्याने मुळशी सत्याग्रहात मोजली. टाटांच्या वीजयोजनेसाठी मुळा-निळा खोऱ्यातील गावे बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांची नावे आपण जाणता. १९२४ अखेरपर्यंत तो लढा या ना त्या रूपाने चालला. जमीन १८९४ च्या कायद्याखाली घेतली गेली. त्या कायद्यात उभ्या पिकांचा आणि झाडांचा विचार भरपाई ठरविताना करावा असे कलम होते, हे लक्षात ठेवा. तरी पैसा कोणाकडे जाणार होता? बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या किंवा त्यांच्या नावावर झालेल्या होत्या. त्यांपैकी अनेकांना रोख भरपाई हवीच होती, आणि लढ्यात फूट पडली ती याच ठिकाणी. कागदावर सावकार, परड्यात कूळ. पुढे त्या पाण्यावर भिरा येथे १९२७ साली वीजघर सुरू झाले आणि ती वीज मुंबईला गेली. ज्यांची परडी बुडाली त्यांची मुले मुंबईच्या गिरण्यांत पोटासाठी गेली असतील, आणि तीच वीज त्यांच्या डोक्यावर जळत असेल. असो.

एक गमतीची गोष्ट मध्येच सांगतो. वादळांच्या अनेक याद्यांत १८८२ च्या जूनमधील 'मुंबईचे महावादळ' आढळते, आणि त्यात लाखभर माणसे मेली असे लिहिलेले असते. अभ्यासकांनी त्या काळचे कागद तपासले, तेव्हा असे काही घडल्याचा मागमूस लागला नाही. लाख माणसे मेल्यावर वर्तमानपत्रे गप्प बसतील काय? म्हणजे न झालेल्या वादळाची आकडेवारी वर्षानुवर्षे छापली जाते, आणि झालेल्या वादळात कोणाचा फणस पडला ते कुठेच लिहिलेले नसते.

आता ३ जून २०२० कडे या.

त्या वर्षी मार्चअखेर टाळेबंदी लागली. पिरंगुट, हिंजवडी, चाकण, सगळीकडची कामे थांबली. कंत्राटी कामगारांपैकी बहुतेकांना एप्रिलपासून पगार नव्हता. आमच्या खोऱ्यातली मुले चालत, मोटारसायकलवरून, जमेल तशी गावी आली. तेव्हा १९८२ साली पाहिलेले मला पुन्हा दिसले. पस्तीस-चाळीस वर्षे गेली होती, गिरणीच्या जागी कारखाना आला होता, घरांत दूरदर्शन आणि मोबाईल आले होते. पण पगार थांबल्यावर घर चालविण्याचे काम पुन्हा परड्यावरच आले. एरवी पिशवीबंद मसाल्यावर वाढलेली मुले आठळ्या भाजून खात होती. कित्येकांनी नवी आळी खणली, मांडव घातले. माझ्या घरच्या मंडळींनी रोपांच्या पिशव्या शेजाऱ्यांना वाटल्या. जूनच्या आरंभी टाळेबंदी सैल होऊ लागली, आणि नेमके तेव्हाच अरबी समुद्रातले 'निसर्ग' हे चक्रीवादळ किनाऱ्याकडे निघाले.

३ जूनच्या दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला, दिवेआगरच्या बाजूने, जमिनीवर आले. किनाऱ्यावर वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या भागातल्या वाड्यांचे काय झाले ते आपण चित्रांत पाहिले आहे: पोफळी काड्यांसारख्या मोडलेल्या, माड मुळासकट उखडलेले. नंतर ते घाट चढून आमच्या अंगाला आले. मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत घरांचे पत्रे उडाले आणि झाडे पडली.

वळीव आणि चक्रीवादळ यांत फरक आहे, तो परड्यात बसलेल्या माणसाला चटकन कळतो. वळवाचा वारा एक धक्का देऊन जातो. हा वारा तासन्‌तास राहतो आणि फिरतो. आधी एका अंगाने झाड ढिले करतो, मग दुसऱ्या अंगाने. वळवात फांदी मोडते. या वाऱ्यात झाड मुळापासून हलते. आमचा आंबा दुपारी तीनपर्यंत उभा होता. मग परड्यातून एक आवाज आला, तो मोडण्याचा नव्हता, जमीन फाटल्यासारखा होता. सबंध झाड आडवे झाले आणि त्याच्या मुळांबरोबर खोलीएवढी माती वर आली. आजोबांनी लावलेला आंबा तो. फणस कमरेत मोडला. मांडव कुठे गेला ते शेवटपर्यंत सापडले नाही.

दुसऱ्या दिवसापासून खोऱ्यातल्या माळीकाम करणाऱ्या स्त्री-पुरुषांना बंगल्यांच्या आवारांतली पडलेली झाडे उचलण्यासाठी बोलावणी आली. अडीच महिन्यांनी मिळालेली ती पहिली रोजी. ती कोण नाकारील? लोक गेले. त्यांच्या स्वतःच्या परड्यांत पडलेली झाडे पंधरा-पंधरा दिवस तशीच होती.

मग पंचनाम्याला एक तरुण कर्मचारी आला. मास्क लावलेला, दमलेला, त्याच्याकडे कितीएक गावे. त्याने पडवीचे उडालेले पत्रे पाहिले, लिहून घेतले. आईने त्याला परड्यात नेले. त्याने विचारले, "आजी, या जागेचा सातबारा?" आई म्हणाली, "ह्यो गावठाणातला आंबा हाय बाबा, ह्याला सातबारा कुठला?" तो म्हणाला, मग यात धरता येत नाही. आई त्याच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "कागदावर न्हाई म्हंजी आंबा न्हवताच का?"

त्या मुलाचा दोष नव्हता, हे मी तेव्हाही म्हणालो. त्याच्या तक्त्यात जो रकाना नव्हता तो तो भरणार कसा? नियम असा की पिकाचे नुकसान ३३ टक्क्यांपेक्षा अधिक असावे, आणि मदत हेक्टरी मिळावी. 'निसर्ग'नंतर राज्य सरकारने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. ऐकायला आकडा मोठा आहे. पण हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे. तेव्हा गुंठ्याला आले पाचशे रुपये. श्रीवर्धनच्या ज्या माणसाची वाडी दहा गुंठ्यांची, त्याला पाच हजार. पडलेले माड कापून बाजूला काढण्याची मजुरीही त्यात निघेना. कोकणातून ओरड झाली की आमची वाडी हेक्टराने मोजू नका, झाडे मोजा. आणि त्याच वर्षी सरकारने ते मान्य केले: नारळाला झाडामागे २५० रुपये, सुपारीला झाडामागे ५० रुपये.

मजुरीचा करार करणाऱ्या माणसाने हे दोन हिशेब शेजारी ठेवून पाहावेत. दहा गुंठ्यांत शंभर पोफळी आणि पंधरा माड धरले तर झाडागणिक हिशेबाने पावणेनऊ हजार होतात. पाच हजारांपेक्षा बरे. पण पाच-सात वर्षांनी फळणाऱ्या पोफळीचे मोल पन्नास रुपये हा काही मोठा विजय नव्हे. दर अपुराच राहिला. मात्र मोजण्याची रीत बदलली, आणि आमच्या अनुभवात दरापेक्षा रीत बदलणे अवघड असते. एकदा नग मोजला जाऊ लागला, की नगाच्या दरासाठी भांडता येते. आज्ञापत्रातले ते एकेका झाडाचे मोल तीनशे वर्षांनी पुन्हा सरकारी कागदावर आले ते असे. पण ते माडा-पोफळीपुरते आले. मुळशीच्या आंब्या-फणसापर्यंत ते घाट चढून आले नाही.

यातली विसंगती पाहण्यासारखी आहे. १९६४ च्या कायद्याने आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, मोह अशी झाडे परवानगीशिवाय तोडण्यास बंदी आहे. कायदा चांगला आहे. तो नसता तर सह्याद्री एव्हाना उघडा पडला असता. पण याचा अर्थ असा की मी कुऱ्हाड उचलली तर माझे झाड सरकारला दिसते, आणि वाऱ्याने ते पाडले तर दिसत नाही. तसेच गावठाणाचे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने 'स्वामित्व' योजना सुरू केली. आता घराला आणि मागच्या मोकळ्या जागेला मिळकत पत्रिका मिळते. दोनशे वर्षांत प्रथमच परड्याची लांबी-रुंदी कागदावर येत आहे. पत्रिकेवर कर्ज काढता येते. त्यात काय उगवले आहे, हे मात्र तिच्यावर नसते. एकीकडे शाळांतून आणि बचत गटांतून पोषणासाठी परसबागा लावा असा सरकारी प्रचार चालतो, आणि तो मला मनापासून मान्य आहे. पण लावा म्हणणाऱ्याने पडल्यावर मोजावयासही आले पाहिजे.

२०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्यालगत उत्तरेकडे गेले, आणि आंबा उतरायच्या दिवसांत कोकणच्या बागा पुन्हा झोडपल्या. त्या वेळेपर्यंत आम्ही आमच्या वाडीत एक उद्योग सुरू केला होता. शंभर पानांची एक साधी वही घेतली, आणि युनियनमध्ये सभासदांची नोंद करतो त्याप्रमाणे घरटी एक पान दिले. घराचा नंबर, परड्याची पावले, आणि मग झाडे: जात, कोणी लावले, अंदाजे वय, वर्षाला काय देते. पुरुषांना विचारले तर ते दोन-तीन झाडे सांगून गप्प बसत. बायकांनी सांगायला सुरुवात केली की पान पुरत नसे. एका सासूबाईंनी लिंबाचे वय सुनेच्या लग्नावरून काढले. दुसऱ्या एकीने सांगितले की शेवगा तिचा आणि कढीपत्ता जावेचा, तेव्हा दोन ओळी करा. केल्या.

या वहीला कायद्यात काही किंमत नाही, हे मला एका वकील मित्राने लगेच सांगितले. ग्रामसभेपुढे ठेवून ठराव करून घ्या, तलाठ्याची आणि ग्रामसेवकाची सही मिळते का पाहा, वादळाच्या आधीचे छायाचित्र तारखेसह जोडा, म्हणजे निदान अर्जाला जोडपत्र होईल, असे तो म्हणाला. ठराव झाला. सही अजून झालेली नाही. दरवर्षी रोहिणी निघायच्या आधी आम्ही वही पुन्हा तपासतो. त्याच वेळी मांडव उतरवितो, केळींना टेकू देतो, घरावर आलेल्या फांद्या छाटतो.

आमच्या पानावर पहिली ओळ आईने सांगून लिहवून घेतली आहे: आंबा, रायवळ, सासऱ्यांनी लावलेला, ३ जून २०२० रोजी पडला. मी म्हणालो, आई, नसलेले झाड यादीत कसे घालायचे? ती म्हणाली, "लिही तू." दुसरी ओळ फणसाची. तो मोडला तिथून खाली त्याला चार धुमारे आले होते. त्यांतले तीन तिने काढले आणि एक ठेवला. गेल्या वैशाखात तो पडवीच्या वळचणीला लागला. त्याला अजून फळ नाही.